पारा ४५ चा, पण कुणाच्या सावलीतला?

मे महिन्यात आमच्या विदर्भातल्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर दुपारी चारनंतर माणसं जमली की पहिला विषय ठरलेला. एकाच्या मोबाइलवर ४३, दुसऱ्याच्या मोबाइलवर ४६. नागपूरहून आलेला चारचाकीवाला सांगतो, "माया गाडीत तं ४९ दाखवून राह्यलं होतं." संध्याकाळच्या बातम्यांत मात्र ४४.२. मग कोणीतरी हमखास म्हणतं, "आकडा दाबते ना वो सरकार. ४५ दाखवलं तं सुट्टी द्या लागते."

हे चारही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. त्यासाठी कोणी काही दाबायची गरज नाही. प्रत्येक आकडा वेगळ्याच गोष्टीचा असतो, इतकंच. आणि उन्हाळ्याचा अंदाज वाचताना आपली एक खोड आहे: सगळ्यात मोठा आकडा पाहायचा आणि तिथेच थांबायचं. जिवावर बेतणारी माहिती बहुतेक वेळा त्याच्या बाजूला, बारीक अक्षरात असते. या लेखात मला त्या बारीक अक्षरांबद्दल सांगायचं आहे.

तापमान नेमकं कशाचं मोजतात?

हवेचं. उन्हाचं नाही.

वेधशाळेत जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर एक पांढरी पेटी असते. चारही बाजूंना तिरप्या पट्ट्या, जुन्या दवाखान्यांच्या खिडक्यांना असायच्या तशा. वारा आरपार जातो, ऊन आत शिरत नाही. पेटीखाली डांबर नको, शेजारी भिंत नको. त्या पेटीतल्या हवेने दिवसभरात गाठलेला सर्वांत वरचा आकडा म्हणजे कमाल तापमान आणि सर्वांत खालचा म्हणजे किमान. साऱ्या जगात हीच रीत आहे. कारण तापमापक उन्हात ठेवला तर तो हवा मोजत नाही, स्वतः किती तापला तेवढंच सांगतो. टिनावर ठेवा, टिनाचं सांगेल.

गाडीतलं ४९ असंच. तिथला सेन्सर पुढच्या भागात, रस्त्यापासून थोड्याच उंचीवर असतो आणि भर दुपारी डांबराचं तापमान साठीच्याही पुढे जातं. चारचाकीवाला खोटं बोलला नाही. त्याने रस्त्यालगतच्या हवेचा आकडा सांगितला.

यंत्रं चुकत नाहीत असंही नाही. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश नोंदवले, दुसऱ्या एकाने ५४. बातमी देशभर गेली. त्याच दुपारी शहरातली बाकीची केंद्रं ४४ च्या आसपास होती. हवामान खात्याने नंतर सांगितलं की सेन्सर बिघडले होते. भारतातला मान्य उच्चांक ५१ अंशांचा आहे, राजस्थानातल्या फलोदी गावचा, १९ मे २०१६ चा. नागपूर २३ मे २०१३ ला ४७.९ पर्यंत गेलं होतं. एका दुपारीत आठ अंशांनी विक्रम मोडला म्हणतात तेव्हा आधी यंत्राकडे पाहावं, मग आभाळाकडे.

पण टपरीवरची तक्रार त्यामुळे पूर्ण खोटी ठरत नाही. रोहयोच्या कामावरची बाई पेटीत बसून माती खोदत नाही. तिच्या डोक्यावर थेट ऊन असतं, खालून तापलेल्या जमिनीची धग असते आणि मेहनतीने अंगात तयार होणारी उष्णता वेगळीच. आकडा सावलीतला आणि काम उन्हातलं, हे अंतर कुठल्याच बातमीपत्रात येत नाही.

आपण वाळवंटात राहतो का?

वर्षभराचा विचार केला तर नाही. नागपूर-चंद्रपूरकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. फलोदी हे जोधपूर आणि जैसलमेरच्या मधलं थरच्या वाळवंटातलं छोटं शहर, तिथल्या लोकांना एवढा पाऊस स्वप्नवत वाटेल. पण फक्त एप्रिल-मे पाहिला तर फलोदीचा अंदाज आणि आपला अंदाज शेजारी ठेवून कोणता कुठला ते पटकन ओळखता येणार नाही. आकाश निरभ्र, वारे वायव्येकडून, कमाल ४३ ते ४५, दुपारची आर्द्रता, म्हणजे हवेतला ओलावा, वीस टक्क्यांच्याही खाली.

कारणं तीन-चार आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. दोन्ही समुद्र शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे कोकणासारखा संध्याकाळचा खारा वारा आपल्या नशिबात नाही. येतो तो राजस्थान, मध्य प्रदेशावरून आधीच भाजून निघालेला कोरडा वारा. त्यात उन्हाळ्यात बऱ्याचदा वरच्या थरातली हवा खाली दबत असते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं ना, तसंच आहे हे: हवा दाबली की तापते. एक किलोमीटर खाली उतरली की सुमारे दहा अंश. शिवाय दबणाऱ्या हवेत ढग धरत नाहीत, म्हणून उन्हाला आडकाठी राहत नाही.

मग जमीन. कपाशी निघालेली, तूर निघालेली, सगळं काळं रान उघडं पडलेलं. वाळू फिकी असते, बरंचसं ऊन परत फेकते. आपली काळी माती ते पिऊन टाकते. सागाचं जंगलही तेव्हा निष्पर्ण असतं. ओली जमीन असेल तर उन्हातली बरीच शक्ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. रानात ओलच नसेल तर ती सगळी हवा तापवण्याच्या कामी लागते. वरुड-मोर्शीकडे पाणी दिलेल्या संत्र्याच्या बगिच्यातून बाहेर पडून शेजारच्या वखरलेल्या वावरात पाय ठेवा, पुस्तक उघडायची गरज नाही.

एका बाबतीत तर आपण फलोदीच्या पुढे आहोत. फलोदी कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे, तिथे सूर्य कधीही अगदी डोक्यावर येत नाही. आपल्याकडे येतो. चंद्रपूरला २० मेच्या सुमारास, नागपूरला २६ मेच्या आसपास भर दुपारी उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. वर्तमानपत्रात 'शून्य सावली दिवस' म्हणून बातमी येते ती हीच. जुलैमध्ये तो परत डोक्यावर येतो, पण तोवर ढग आलेले असतात.

कूलर काय सांगतो

माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हवामान खात्याकडे नाही, तुमच्या खिडकीत आहे.

कूलर हवा थंड कशी करतो? ताट्यांवरून पाणी झिरपतं, पंखा बाहेरची कोरडी हवा त्यातून ओढतो, पाण्याची वाफ होते आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता त्या हवेतूनच घेतली जाते. माठातलं पाणी गार होतं तेही याच हिशेबाने. आणि आपलं अंगही तेच करतं: घाम येतो, वाळतो, वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. हवेचं तापमान अंगाच्या ३७ अंशांपेक्षा वर गेलं की शरीराकडे गार व्हायला दुसरा मार्गच उरत नाही. म्हणून ४४ अंशांत प्रश्न नुसता "किती तापलं?" एवढाच नसतो. "घाम वाळतोय का?" हाही असतो.

हे मोजायची जुनी सोपी युक्ती आहे. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि वारा घालायचा. पारा जिथवर खाली येईल, तिथवरच पाणी वाळवून गार होता येतं, त्याखाली नाही. याला आपण या लेखापुरतं 'ओला पारा' म्हणू.

आता हिशेब पाहा. मे महिन्यातली दुपार, ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के: ओला पारा साधारण २३-२४ वर येतो. म्हणजे कोरड्या आणि ओल्या पाऱ्यात वीस अंशांची दरी. ही दरी हेच कूलरचं भांडवल. बरा कूलर तिच्यातली तीन-चतुर्थांश तरी वापरतो आणि खोलीत २८-२९ची हवा सोडतो. आता जूनची दुपार घ्या, एक-दोन सरी पडून गेल्यात, ३८ अंश, आर्द्रता ५० टक्के. पारा सहा अंशांनी उतरला म्हणून बातमीवाले 'दिलासा' लिहितात. पण ओला पारा आता २९ वर चढलेला असतो. दरी नऊ अंशांचीच. कूलर फक्त चिकट हवा फेकतो, घरातली पिठाची पिशवी ओलसर होते आणि आई म्हणते, "बंद कर तो कूलर, अंगाले चिपचिप होऊन राह्यलं."

आईचं निरीक्षण शास्त्रीय आहे. ज्या दिवशी कूलर काम करेनासा होतो, त्या दिवशी तुमचा घामही काम करेनासा होत असतो. ओला पारा ३५ ला पोचला तर धडधाकट माणूसही सावलीत, पाणी पीत बसून फार तास टिकू शकत नाही, असं मानलं जातं. काबाडकष्ट करणाऱ्याला त्याच्या कितीतरी खालीच त्रास सुरू होतो. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर राज्याच्या पुरस्कार सोहळ्यानंतर १४ जणांचा जीव गेला, तेव्हा तिथला पारा ३८च्या आसपास होता. आपल्याकडे ३८ ला लोक लग्नाच्या पंगती उठवतात. फरक होता तो खाडीकाठच्या ओलाव्याचा आणि तासन्तास उघड्यावर बसण्याचा.

मग आपली कोरडी उष्णता बरी म्हणायची का?

बरी नाही, वेगळी आहे, आणि फसवी आहे. कोरड्या हवेत घाम आल्या आल्या वाळतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळतच नाही. सदरा कोरडा राहतो, कॉलरवर मिठाची पांढरी रेघ तेवढी उमटते. उन्हात राबणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. टाकी कोरडी पडली की कूलरचा पंखा फिरत राहतो, पण फेकतो ती गरम हवा. माणसाचं तसंच होतं.

पंख्याबद्दल इथेच सांगून टाकतो. ४४ अंशांत कोरड्या अंगावर नुसता पंखा घेणं म्हणजे भट्टीचा वारा घेणं. अंगावर ओला दुपट्टा घ्या, मग तोच पंखा कामाला येतो.

ऊन लागणं आणि उष्माघात यांतला फरकही घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवा. चक्कर, गोळे येणं, मळमळ, डोकं दुखणं: सावली, पाणी, मिठा-साखरेचं पाणी किंवा ओआरएस, कैरीचं पन्हं. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, ओळख देईना, अंग चटका बसेल इतकं गरम लागलं, तर तो उष्माघात असू शकतो, आणि तिथे घटका मोजल्या जातात. अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत-मानेवर ओली फडकी ठेवा आणि १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत ओतणं थांबवू नका. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. खिशातल्या कांद्याबद्दल मला विचारतात. कांदा असू द्या, पण पाण्याची बाटली पण असू द्या.

४४ ला 'लाट' नाही आणि मार्चमध्ये ४० ला आहे, हे कसं?

'उष्णतेची लाट' हा शब्द हवामान खात्याकडे बोलीतल्यासारखा सैल नाही. मैदानी भागात पारा किमान ४० तरी हवा. त्यावर, त्या दिवसाच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा तो ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल तर लाट, त्याहून जास्त असेल तर तीव्र लाट. किंवा सरासरी काही असो, पारा ४५ ला टेकला की लाट आणि ४७ ला टेकला की तीव्र. शिवाय विदर्भासारख्या एका हवामान उपविभागात निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस हे घडलं पाहिजे.

म्हणजे मार्चमध्ये, जिथे सरासरी ३५ असते, तिथे ४० ला लाट. मेमध्ये जिथे सरासरीच ४३, तिथे ४४.८ ला लाट नाही. टपरीवरच्या '४५ च्या आत दाबतात' या संशयाचं मूळ इथे आहे. यामागचा विचार असा की शरीर हळूहळू सरावतं. मार्चमध्ये अंगाला उन्हाची सवय नसते, म्हणून तेव्हाचा ४० चा झटका जास्त बाधतो. तर्क बरोबर आहे, पण त्याला एक भोक आहे. "लाट नाही" याचा अर्थ लोक "धोका नाही" असा काढतात. ४४ अंश सलग बारा दिवस राहिले तर कागदावर एकही दिवस लाटेचा नसेल. दवाखान्यात मात्र गर्दी असेल.

रात्रीचा आकडा

बातमीत कमाल तापमान ठळक अक्षरात असतं, किमान कुठेतरी कोपऱ्यात. मी आधी कोपरा पाहतो.

दिवसभर तापलेलं अंग रात्री निवतं, ही आपली रोजची दुरुस्ती. किमान २६-२७ असेल तर पहाटे गोधडी ओढावीशी वाटते आणि माणूस ताजा उठतो. ३१-३२ असेल तर ती दुरुस्ती होत नाही, दुसऱ्या दिवशीचं ऊन कालच्या थकव्यावर पडतं. कमाल ४० च्या वर आणि किमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असेल तर हवामान खातं त्याला 'उष्ण रात्र' म्हणतं. संध्याकाळी ढग आले की लोकांना बरं वाटतं, पण ते ढग रात्री जमिनीवर वाकळ टाकतात. तापलेली जमीन रात्रभर जी उष्णता वर सोडते ती अडते. निरभ्र, कोरड्या वाळवंटात पहाट झकास होते ती ही वाकळ नसल्यामुळे.

आणि किमान तापमानसुद्धा त्या पांढऱ्या पेटीतलंच. घरातलं नाही. मातीच्या भिंती आणि वर कवेलू असलेल्या जुन्या घरात दुपार उशिरा शिरायची, फटींमधून गरम हवा निघून जायची. आता टिनपत्रे आले किंवा स्लॅब आला. टिन दुपारी घरात आगच ओततं, निदान सूर्य गेल्यावर लवकर निवतं. स्लॅब दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री दोनपर्यंत परत करत राहतो. बाहेर किमान ३० असेल तेव्हा स्लॅबखाली झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाची रात्र ३५ ची असू शकते. छताला वरून चुना मारणं हा स्वस्त उपाय आहे, खाट अंगणात काढणं त्याहून स्वस्त. "पूर्वी नव्हता का एवढा उन्हाळा?" असं विचारणाऱ्यांना मी आधी छप्पर विचारतो.

मोबाइलला माझं गाव कसं माहीत?

माहीत नसतं. तुमच्या गावात बहुधा तापमापकच नाही. उपग्रह, वेधशाळा, आकाशात सोडलेले फुगे यांच्या मोजण्या संगणकात घालून साऱ्या पृथ्वीच्या हवेचा हिशेब मांडला जातो. त्यासाठी जमीन चौकोनांत वाटून घेतात, जणू वहीचा चौकटीचा कागद. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टिम'मध्ये चौकोनाची बाजू ६ किलोमीटरची आहे, त्याआधी ती १२ ची होती. चौकोनात तुमचं गाव, शेजारचं जंगल आणि तलाव या सगळ्यांना मिळून एकच आकडा. वेगवेगळी ॲप वेगवेगळे हिशेब वापरतात, म्हणून ४३ आणि ४६. काही ॲप 'भासणारं तापमान' मोठ्या अक्षरात दाखवतात, ते ओलावा धरून काढलेलं असतं. कोरड्या दुपारी ते खऱ्यापेक्षा कमीही दिसू शकतं. त्यावर विसंबून वावरात जाऊ नका.

तापमानाचा अंदाज तीन दिवसांपर्यंत चांगला जमतो, कारण उष्ण हवेचा पसारा मोठा असतो, तो चौकोनांत मावतो. अवकाळीचं ढग मात्र एका शिवारात गारा टाकतं आणि पलीकडचं शिवार कोरडं ठेवतं. तिथे जिल्ह्याच्या अंदाजापेक्षा हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा आणि विजांसाठी 'दामिनी' ॲप जास्त कामाचं. झालेल्या नोंदी पाहायच्या तर महसूल मंडळनिहाय 'महावेध'ची केंद्रं आहेत.

आणि नवतपा?

सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो तेव्हापासूनचे नऊ दिवस, २५ मेपासून पुढे. शून्य सावलीच्या तारखा त्याला अगदी खेटून आहेत, तेव्हा जुन्या लोकांनी हा काळ उगाच निवडलेला नाही. ऊन तेव्हा सर्वांत सरळ पडतं. पण ऊन सरळ पडणं एक आणि पारा चढणं दुसरं. ढग आले की हिशेब फसतो. २०२५ मध्ये मान्सून २४ मे ला केरळात आणि २६ मे ला मुंबईत पोचला, विदर्भावरही ढग होते, आणि नवतपा तपलाच नाही. नागपूरचं ४७.९ तर नवतपा लागायच्या दोन दिवस आधीचं. पंचांग सूर्याचा अंदाज देतं, वाऱ्याचा नाही.

उद्याचा अंदाज असा वाचा

समजा आज संध्याकाळी आपल्या जिल्ह्यासाठी असं आलं: 'कमाल ४३, किमान ३१, दुपारनंतर अंशतः ढगाळ, पिवळा इशारा.' हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता पावलं उचला. आज ४५ होतं, उद्या दोन अंश कमी. टपरीवर कोणीतरी म्हणणारच की उतरलं.

मी ३१ वर बोट ठेवतो. ढग येणार, रात्र निवणार नाही, ओलावा वाढलाय म्हणजे कूलरही अर्धाच चालेल. संत्र्याच्या आंबिया बहाराच्या झाडांना पाणी द्यायचं असेल तर ते आज संध्याकाळीच. वखर पहाटे चारला धरायचा आणि नवाच्या आत सोडायचा. तेंदूपत्ता तोडणारे तर असेही अंधारात निघतात, त्यांना परतायची वेळ सांगायची.

"मंग उद्या आजच्यापेक्षा कमी तपन का जास्त?" चहावाला विचारतो.

"पारा कमी, तरास जास्त," मी म्हणतो. तो थोडा विचार करतो आणि पोराला हाक मारतो, "बाहेरच्या रांजनात अजून दोन गुंड पानी टाक रे."